कॉन्ट्रा ४ चे जुने रिव्ह्यू: अवघडपणाचं कौतुक, फटीची तक्रार. खेळलेल्यांना काय वाटतं?

कर्वेरोडकर

मंडळी, चुलतभावाने त्याचा जुना निन्टेंडो डीएस (दोन स्क्रीनचं हातात धरून खेळायचं गेम मशीन) मला देऊन टाकलाय, सोबत कॉन्ट्रा ४ ची कॅसेट आहे. टीव्हीला जोडायच्या गेमवर तो धावत गोळ्या मारायचा कॉन्ट्रा आपण सगळेच खेळलोय त्यामुळे लगेच सुरू केला, आणि मग २००७ मध्ये हा आला तेव्हा समीक्षक काय म्हणाले होते ते शोधून वाचत बसलो. एकंदरीत कौतुकच आहे, सगळ्या रिव्ह्यूंचे मार्क एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर सरासरी १०० पैकी ८० च्या वर आहे. पण गेम भयंकर अवघड आहे ही एकच गोष्ट काही जण शाबासकी दिल्यासारखी लिहितात आणि काही जण ताकीद दिल्यासारखी. आणि दोन स्क्रीनच्या मधली फट, ती तर बऱ्याच जणांना खुपलीये. ज्यांनी पूर्ण खेळलाय त्यांना हे पटतं का? आणि खरं विचारायचंय ते हे, की हे समीक्षक समोरच्या गेमला मार्क देत होते का लहानपणच्या आठवणीला? मी अजून पहिल्या लेव्हलच्या जंगलातच आहे.

तपकीरगल्ली

फटीची तक्रार शंभर टक्के खरी आहे. डीएसच्या दोन स्क्रीन एकावर एक आणि मध्ये बिजागरी, बरोबर? कॉन्ट्रा ४ मध्ये दोन्ही स्क्रीन मिळून एकच उंच मैदान केलंय आणि फटीच्या मागेही मैदान आहे असं धरलंय. त्यामुळे वरून कोणी खाली गोळी झाडली की ती वरच्या स्क्रीनच्या खालच्या कडेला जाऊन गायब होते, आणि क्षणभराने खालच्या स्क्रीनच्या वरच्या कडेतून बाहेर पडते. दुसऱ्या गेममध्ये चालून गेलं असतं रे, थोडी एनर्जी गेली असती आणि पुढे गेलो असतो. इथे एक गोळी लागली की मेलास, वर हातातली गन पण जाते. चार पाच गोळ्या एकदम फटीत शिरल्या की कुठली कुठून निघणार हे डोक्यात धरून उभं राहावं लागतं. आणि दोरीचा हुक मारून वरच्या स्क्रीनवर जाताना तूच त्या फटीतून जातोस.

पण त्यांनी असं का केलं हे फार थोड्या रिव्ह्यूत लिहिलंय. फट मोजलीच नाही, म्हणजे वरची स्क्रीन जिथे संपते तिथूनच खालची सुरू केली, तर तिरकी गोळी मध्येच मोडल्यासारखी दिसते, कारण डोळ्याला मधली बिजागरी दिसतच असते. कॉन्ट्रात तिरकं मारणं हेच तर निम्मं काम आहे. म्हणजे गोळी सरळ रेषेत ठेवायची तर आंधळी जागा येते, आंधळी जागा काढायची तर रेष मोडते. आदल्या वर्षी आलेल्या योशीज आयलंड डीएस या गेमलाही हीच तक्रार ऐकावी लागली होती. न्यू सुपर मारिओ ब्रोसने मुख्य खेळ एकाच स्क्रीनवर ठेवला, त्यामुळे तो या भानगडीत पडलाच नाही.

वडगावबुद्रुकची

तपकीरगल्ली दादा, कारण पटलं, पण फट नडते ती सुरुवातीला. हा गेम पाठ करायचा गेम आहे, कॉन्ट्रा पहिल्यापासून तसाच आहे, कुठला सैनिक कुठून येतो हे एकदा हाताला कळलं की गोळी फटीत असताना पण तुम्ही आपोआप बाजूला होता. रिव्ह्यू लिहिणाऱ्याला ठरलेल्या तारखेच्या आत लिहून द्यायचं असतं, त्याला पाठ व्हायच्या आधीचाच गेम दिसतो, म्हणून फटीला एवढी जागा मिळाली असं मला वाटतं.

कर्वेरोडकर, तुमच्या आठवणीच्या प्रश्नाबद्दल. आठवणीचा भाग आहे ना, नाही कशाला म्हणायचं, कोनामी कंपनीने हा गेम काढलाच मुळी कॉन्ट्राच्या २० वर्षांच्या निमित्ताने. पण त्या वेळी समीक्षकांसमोर काय होतं ते पण बघा. प्लेस्टेशनवर थ्रीडी करायच्या नादात १९९६ चा लेगसी ऑफ वॉर आणि १९९८ चा द कॉन्ट्रा अॅडव्हेंचर निघाले होते आणि दोन्ही लोकांना आवडले नव्हते. त्यानंतर इतक्या वर्षांनी वेफॉरवर्ड नावाच्या अमेरिकन स्टुडिओने परत बाजूने दिसणारा, हाताने काढलेल्या पिक्सेलचा, धावत सुटायचा कॉन्ट्रा केला तर लोक खूश होणारच. शिवाय तेच जुनं परत विकलंय असंही नाही. एकाच वेळी दोन गन बाळगता येतात, तीच गन दुसऱ्यांदा उचलली की ती तगडी होते, आणि हुकमुळे उभ्या जागेचा खरा उपयोग होतो. जेक कॉफमनचं संगीत तर हेडफोन लावूनच ऐका, जुन्या चालींचा धागा धरून केलंय पण जोर त्याचा स्वतःचा आहे. याचं कौतुक रिव्ह्यूंमध्ये मला अजून जास्त हवं होतं.

कर्वेरोडकर

ताई, पाठ करण्याचा मुद्दा आवडला. पण मग नवीन माणसाने काय करायचं? माझा भाचा आठवीत आहे, जुना कॉन्ट्रा त्याने बघितलेला पण नाही, त्याने हातात घेतला आणि जंगलातच वैतागून ठेवून दिला. अवघडपणाबद्दल ताकीद देणारे त्याच्यासारख्यांसाठीच लिहीत असतील तर चुकले कुठे?

वडगावबुद्रुकची

नाही चुकले, त्याला ईझीवर बसवा, लाईफ जास्त मिळतात. आणि चॅलेंज मोड उघडला की तिथे जास्त बसवा, ४० छोटी छोटी चॅलेंज आहेत, एकेकात एकच गोष्ट नीट करायची असते, शिकायला याहून चांगली सोय नाही. ती करत गेलं की बक्षीस म्हणून निन्टेंडोच्या जुन्या मशीनवरचे मूळ कॉन्ट्रा आणि त्याचा पुढचा भाग सुपर सी आख्खे खेळायला मिळतात. फक्त अवघड आहे एवढं लिहून जे थांबले त्यांच्यावर माझा राग आहे तो यासाठीच. शिकायची वाट गेममध्ये ठेवलेली असताना वाचणाऱ्याला ती दाखवायला नको का?

बसमधला_गेमर

एक भर घालतो. डीएस आणि त्याच्यानंतर आलेला थ्रीडीएस दोन्हीवर खेळलोय, थ्रीडीएसवर तसाच लावला तर चित्र ताणून पुसट दिसतं, गेम सुरू करताना स्टार्ट किंवा सिलेक्ट दाबून धरायचं म्हणजे मूळ मापात येतं, बारीक होतं पण गोळ्या स्वच्छ दिसतात. या गेममध्ये गोळी स्पष्ट दिसणं हेच सगळं आहे त्यामुळे हे नक्की करा.

आणि माझी मोठी तक्रार फटीची नाहीच. दोघांनी मिळून खेळायला दोन डीएस आणि दोन कॅसेटा लागतात. कॉन्ट्रा म्हणजे दोन रिमोट, एक टीव्ही, आणि तू पुढे गेलास म्हणून मी मेलो ही भांडणं, ते इथे कोणाच्या वाट्याला येणार? पुण्यात तर दुसरी कॅसेट असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

तपकीरगल्ली

हे मात्र खरं. आणि आता नवीन कॅसेट मिळणं पण अवघडच, युरोपात तर गेम कधी अधिकृतपणे आलाच नाही. २०१९ मध्ये कोनामीने जुन्या कॉन्ट्रांचा संच काढला त्यातही ४ नव्हता, तोही या फटीमुळेच असेल असा माझा अंदाज आहे, एका टीव्हीवर दोन स्क्रीन दाखवायच्या म्हणजे सगळं मैदान परत बसवावं लागणार. बसमधला_गेमर, माझ्याकडे डीएस आणि कॅसेट दोन्ही आहे. रविवारी सकाळी संभाजी बागेत ये, वॉटरफॉलची लेव्हल दोघं मिळून करू.