मदत हवी आहे: दाताला क्लिप लावायची की अलाइनर? (कोल्हापूर, अर्जंट)

बावड्याचा_पाव्हणा
नमस्कार मंडळी. एक दात वाकडा झालाय आणि शेजारी फट पडलीय. क्लिप (तार) लावावी की ते काढता-घालता येणारे पारदर्शक अलाइनर घ्यावेत? हातात ५ आठवडे आहेत. कोल्हापुरात चांगलं कोण, खर्च किती, दुखतं का? नेटवर वाचून वाचून डोकं उठलंय, तेव्हा 'गूगल करा' सांगणाऱ्यांनी कृपा करून पुढच्या धाग्यावर जावं.

गुळाची_ढेप
मुलाचं वय काय? आमच्या धाकटीला सातव्या वर्षीच दाखवलं होतं. दुधाचे पडून कायमचे यायला लागतात तेव्हाच जबड्याचा अंदाज येतो म्हणाले. लगेच काही लावलं नाही, नुसतं वर्षातून एकदा बोलवायचे. अंगठा चोखतो का? त्यानं वरचे दात पुढं येतात. आमच्या जावेच्या मुलाला अंगठ्याला कडुनिंबाचा रस लावला, महिन्यात सवय सुटली.

बावड्याचा_पाव्हणा
मुलगा कुठनं आला मधेच? माझाच दात आहे. वय ३३. अंगठा चोखत नाही.

पंचगंगाकाठी
हसून हसून पुरेवाट. वय आधी लिहायचं की भावा.

अनिवासी_अण्णा
३३ म्हणजे अलाइनरच. मी इथे चाळिशी उलटल्यावर केले. स्कॅन होतो, दर आठवड्या-दोन आठवड्यांनी नवा संच. दिवसातून २० ते २२ तास घालायचे, खाताना काढायचे, संपलं. ऑफिसात कुणाला कळलंसुद्धा नाही. तारेचा जमाना गेला आता.

तिखटजाळ
तारेचा जमाना गेला म्हणे. अण्णा, तुमच्याकडं गेला असेल. मी एका ऑनलाइन कंपनीचा डबा मागवला होता. घरी पिठासारख्या मऊ गोळ्यात दात रुतवून मापं पाठवायची. एक्स-रे नाही, हिरड्या बघितल्या नाहीत. सगळे संच संपले तेव्हा पुढचे दात सरळ आणि मागच्या दाढा एकमेकीला टेकेनात. भाकरी एका बाजूनं चावत होतो. शेवटी राजारामपुरीत एमडीएस ऑर्थो, म्हणजे दात सरळ करणारा तज्ज्ञ डॉक्टर बघून तारच लावली, १४ महिने गेले निस्तरायला.

अनिवासी_अण्णा
डॉक्टरशिवाय केलंत, मग दोष अलाइनरचा कसा? डॉक्टरने तपासून, अधूनमधून बघून दिलेले अलाइनर वेगळे.

तिखटजाळ
बरं, ते मान्य. पण २२ तासाचं बोला. मी मार्केटिंगला आहे. दिवसात आठ दुकानात चहा. दर खेपेला काढा, डबीत ठेवा, चूळ भरा, परत घाला. चहाला नको म्हटलं की गिऱ्हाईक तोंड फिरवतं. तार कशी, दाताला चिकटलेली असते, विसरायचा प्रश्नच नाही.

दंतकथा
मी दंतवैद्य आहे, ऑर्थोडॉन्टिस्ट नाही, तेवढं धरून वाचा. बावडेकर, क्लिप की अलाइनर हा नंतरचा प्रश्न. आधी सांगा:
वरचा दात की खालचा? पहिल्यापासून वाकडा होता की आता झाला? पूर्वी कधी तार लावली होती का? ब्रश करताना रक्त येतं का? आणि ५ आठवडेच का?

शिवाजीपेठचा_वाघ
भावा एवढं काय टेन्शन घेतोस. फट आहे ना? बारीक रबर मिळतं केसाला लावायचं, ते दोन दातांना गुंडाळून झोप. आमच्या तालमीतल्या एकानं केलं, आठवड्यात फट गायब. नाद करायचा नाय.

दंतकथा
हे कुणीही करू नका. अगदी एक रात्रसुद्धा नको. दात मुळाकडं निमुळता होत जातो, त्यामुळं रबर हळूहळू हिरडीखाली सरकतं आणि मुळाकडं चढतं. मग ते दिसत नाही आणि माणसाला वाटतं रात्री पडलं असेल. ते आत बसून हाड खातं. फट बुजलेली दिसते खरी, पण दोन्ही चांगले दात हलायला लागतात आणि कधीकधी गमवावे लागतात. तुमच्या तालमीतल्या मित्राला एक एक्स-रे काढायला सांगा, मी थट्टा करत नाहीये.

शिवाजीपेठचा_वाघ
बर बर. सांगतो त्याला.

मिरजकर
सगळे मूळ कारण सोडून बोलताय. अक्कलदाढ! ती मागून ढकलते आणि पुढचे दात रांगेत उभे असल्यासारखे चेंगरतात. माझे खालचे असेच वाकडे झाले, अक्कलदाढ आली त्याच वर्षी. आधी अक्कलदाढा काढा, मग पुढचं बोला. मिरजेत या, सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळी परत.

दंतकथा
मिरजकर, हा समज आमच्याच लोकांनी वर्षानुवर्षं पसरवला. पण अक्कलदाढा काढलेल्यांचे आणि ज्यांना त्या जन्मात आल्याच नाहीत त्यांचेही खालचे पुढचे दात वयाबरोबर दाटी करतात. नेमक्या ज्या वयात अक्कलदाढ येते त्याच वयात ही दाटी दिसायला लागते, म्हणून तिच्यावर आळ. ती किडली, आडवी रुतली, सारखी सुजली तर जरूर काढा. पुढचे दात सरळ राहावेत एवढ्यासाठी नको.

मिरजकर
माझ्या तोंडात काय झालं ते मला माहीत. तुम्ही डॉक्टर लोक दर दहा वर्षांनी मत बदलता.

बावड्याचा_पाव्हणा
अहो भांडू नका, माझं बघा. खालचा दात आहे, पटाशीचा, मधल्याच्या डावीकडचा. थोडा फिरून पुढं आलाय. आधी तार लावली होती की, कॉलेजात असताना, दोन वर्षं. तेव्हा वरचे-खालचे सगळे सरळ झाले होते. ते लिहायचं राहिलं. रक्त येतं थोडं, ते सगळ्यांनाच येतं. ५ आठवडे म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर साखरपुडा आहे.

गुळाची_ढेप
अय्या अभिनंदन! स्थळ कुठलं?

पंचगंगाकाठी
अभिनंदन भावा. जेवण तांबडा-पांढरा आहे ना? का फक्त श्रीखंड-पुरीवर भागवणार?

बावड्याचा_पाव्हणा
इचलकरंजी. धन्यवाद. दाताचं बोला.

आई_दोन_कार्ट्यांची
तार काढल्यावर दात परत सरकू नयेत म्हणून रिटेनर दिला असेल ना? तो घालतोस का? आमच्या थोरल्याला वरच्या दातांना पारदर्शक दिला होता. मी म्हटलं जंतू मरतील, म्हणून इडलीच्या भांड्यात उकळत्या पाण्यात टाकला. बाहेर आला तो तळलेल्या पापडासारखा वाकडा होऊन. नवा करून घेतला. गार पाणी आणि ब्रशच बरा, हे मी पैसे मोजून शिकलो.

अनिवासी_अण्णा
शिकलो? आयडी आईचा आणि लिहिणारे वडील का?

आई_दोन_कार्ट्यांची
अण्णा, किती वर्षं झाली कोल्हापूर सोडून? आमच्यात बायका 'आलो, गेलो'च म्हणतात. मी आईच आहे.

तिखटजाळ
अवांतर: तार असताना पिवळं काय खाऊ नका. पहिल्याच महिन्यात मिसळ हाणली, दातावरची पांढरी रबरं दुसऱ्या दिवशी हळदीनं पिवळीधमक. बायको म्हणाली हळदीच्या आधी दातांना हळद लागली. पुढच्या वेळी डॉक्टरला राखाडी रबरं घालायला लावली.

पंचगंगाकाठी
मिसळ कुठली पण?

तिखटजाळ
ते सांगितलं तर हा धागा दाताचा राहणार नाही.

दंतकथा
आईंनी नेमका प्रश्न विचारलाय. बावडेकर, रिटेनरचं काय? खालच्या दातांच्या आतल्या बाजूला चिकटवलेली बारीक तार होती का?

बावड्याचा_पाव्हणा
होती. जिभेकडच्या बाजूला, सुळ्यापासून सुळ्यापर्यंत. ११ वर्षं होती. संक्रांतीला तिळाची कडक वडी चावली आणि एका टोकाला सुटली. जिभेला टोचायला लागली. मग नेलकटरनं सुटलेला भाग कापला, बाकीची हलवून हलवून काढून टाकली.

दंतकथा
संक्रांत म्हणजे जवळजवळ नऊ महिने झाले. हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर गुळाच्या ढेपेचा कडुनिंब वाचला असता.

आता नीट सांगतो. दात हाडात सिमेंटनं पक्का बसवलेला नसतो, तो बारीक धाग्यांनी टांगलेला असतो. तार काढल्यावर दात आणि हाड यांच्यातले धागे तीन-चार महिन्यांत नव्या जागी जुळतात. हिरडीतले धागे मात्र वर्षभर घेतात, आणि पिळलेला दात फिरवून सरळ केला असेल तर ते सगळ्यात हट्टी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं. त्यात खालचे पुढचे दात तार कधीच न लावलेल्या माणसाचेही वयाबरोबर सरकतात. म्हणून रिटेनर 'दोन वर्षं घाला' असा नसतो. जोवर दात सरळ हवेत तोवर तो हवाच, रात्री तरी. चिकटवलेली तार सुटली तर त्याच आठवड्यात जायचं असतं.

दुसरं, रक्त 'सगळ्यांनाच येतं' असं नाही. खालच्या पुढच्या दातांच्या मागं लाळेच्या नळ्यांची तोंडं आहेत, तिथं दगड, म्हणजे दातावरचा कडक थर, पटकन साठतो. त्यावर ११ वर्षं तार. हिरडी सुजून हाड कमी होत असेल तर दात आपोआप सुटे होतात आणि फटी पडतात. अशा हिरडीत दात सरकवला तर आणखी हाड जातं. म्हणून आधी साफसफाई, एक्स-रे, हिरडी तपासणी, मग तार की अलाइनर ते. एकच दात थोडासा फिरलेला असेल तर दोन्हीनं होतं, खालचे सहा दात तेवढे धरूनही. पण दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. साखरपुड्याला सुरुवात होईल, शेवट नाही.

आणि साखरपुड्यासाठी म्हणून फटीत दाताच्या रंगाचं सिमेंट भरून घेऊ नका. मागाहून दात जागेवर आणायचा म्हटलं की तेच आडवं येतं.

अनिवासी_अण्णा
म्हणजे अलाइनर चालतील. तेच मी म्हणत होतो.

तिखटजाळ
तारपण चालेल म्हणालेत ते. पूर्ण वाचा.

गुळाची_ढेप
खर्चाचं म्हणाल तर डेंटल कॉलेजात दाखवा. नवे पारगावला तात्यासाहेब कोरे कॉलेज आहे, सांगलीला भारती विद्यापीठाचं. शिकाऊ डॉक्टर करतात पण वर प्राध्यापक बघतात. पैसे कमी, हेलपाटे जास्त. भाच्याचं तसंच केलं, चांगलं झालं.

आई_दोन_कार्ट्यांची
पण ज्यांनी आधी केलं त्यांच्याकडंच का जात नाहीस रे? त्यांच्याकडं जुने एक्स-रे असतील.

बावड्याचा_पाव्हणा
खरं सांगू का. तार काढली तेव्हा त्यांनी तीनदा सांगितलं होतं, वर्षातनं एकदा दाखवून जा. मी एकदाही गेलो नाही. वर नेलकटरचं ऐकल्यावर काय म्हणतील. कोणत्या तोंडानं जाऊ?

पंचगंगाकाठी
ह्याच तोंडानं जा. दुसरं आहे का?

दंतकथा
आमच्या खुर्चीत बसून लोक काय काय कबूल करतात तुम्हाला कल्पना नाही. नेलकटर काहीच नाही, एकानं पकड आणली होती उद्यमनगरातून. जा. आणि जाईपर्यंत कडक काही नको, उसाची कांडी तर नकोच.

बावड्याचा_पाव्हणा (सहा दिवसांनी)
जाऊन आलो. ओरडले नाहीत. नाव सांगितल्यावर कपाटातून प्लास्टरचे दोन साचे काढले, एक तार लावायच्या आधीचा, एक नंतरचा. आधीच्यावर बोट ठेवलं तर तोच दात, त्याच बाजूला पीळ. बारा वर्षांपूर्वी निघाला होता तिकडंच परत चाललाय. मला वाटत होतं नवीनच काहीतरी झालंय.

दगड काढला, वाटीत पडला तेव्हा लाज वाटली. एक्स-रेत हाड थोडं कमी आहे पण घाबरण्यासारखं नाही म्हणाले. आता आणखी सरकू नये म्हणून खालच्या दातांची पारदर्शक प्लेट करून दिलीय, दिवसरात्र घालायची. दाताच्या फटीतला बारीक ब्रश दिलाय. तीन आठवड्यांनी रक्त थांबलंय का बघणार, मग चार-पाच महिने अलाइनर, शेवटी परत आतली तार आणि रात्री वरनं प्लेट. तार लावली तर लवकर होईल का विचारलं, तर म्हणाले एवढ्याला फार फरक नाही, तुम्ही प्लेट नियमित घालणार का तेवढं सांगा. मी हो म्हणालो. त्यांनी फक्त माझ्याकडं बघितलं.

बाकी होणाऱ्या बायकोला दात दाखवला. ती म्हणाली, कुठला? खालचे दात हसताना दिसतच नाहीत माझे, मिशी दिसते.

आई_दोन_कार्ट्यांची
झालं की मग. प्लेट उकळू नको तेवढं.

तिखटजाळ
आणि हॉटेलात टिश्यूत गुंडाळून ठेवू नको. पोरगा टेबल पुसताना उचलून टाकतो. माझी एक तशीच गेली.

मिरजकर
सगळं ठीक, पण मूळ कारण तसंच राहिलं. अक्कलदाढांचं काय म्हणाले ते? त्या आहेत तोवर हे परत होणार, लिहून ठेवा.

बावड्याचा_पाव्हणा
अक्कलदाढा? त्या चारही कॉलेजातच काढल्या, तार लावायच्या आधी. सांगायचं राहिलं.