शेतातल्या खापरांवरून पूर्वजांचे जगणे कळते का?

कृष्णाकाठ, कराड: नांगरताना आमच्या रानात जुनी खापरे वर येतात. नुसत्या खापरांवरून त्या काळच्या लोकांचे जगणे खरोखर कळू शकते का?

मातीवाचक: कळते, पण खापर कोणत्या थरातले आहे हे ठाऊक असेल तरच, म्हणून ती गोळा न करता जागेवरच छायाचित्र घेऊन पुरातत्त्व विभागाला कळवावे.

सांगलीकर: पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन मडक्यांत पुरलेली लहान मुले सापडली. गेलेले लेकरूही घरातच राहावे, ही माया मला त्यात दिसते. प्रौढांची पावले मात्र पुरण्यापूर्वी तोडलेली आढळली.

मातीवाचक: शिवाय जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून तिथे सातू पिकत होता, हेही समजले.