पासष्टीनंतर हृदय प्रत्यारोपण : यादीत नाव असावं का?

खानापूरकर : मृत दात्याच्या अवयवासाठी नोंदणी करायला ६५ वर्षांची मर्यादा होती. केंद्राने ती २०२३ मध्ये काढली, रहिवासाची अटही गेली. म्हणजे निपाणीचा ६८ वर्षांचा पेशंट बंगळूरला नाव घालो की पुण्याला, अडवणार कोणी नाही. तरी माझं मत, हृदय आधी तरुणाला. किडनी घरचं माणूस देऊ शकतं, हृदय नाही.

निपाणीकर : नुसतं वय बघून नाव खोडायचं म्हणजे तपासणीचा कंटाळा. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात सत्तरीपर्यंत विचार करतात, त्यापुढे निवडक. खरं बघायचं ते पीव्हीआर. फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा हा रोध ५ वूड युनिटच्या वर असेल आणि औषधानेही उतरत नसेल, तर नव्या हृदयाचा उजवा कप्पा सुरुवातीलाच हात टेकतो. मग ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचं माप, ३० च्या खाली आहे का, शरीर किती थकलंय हे दाखवणारी हाताची पकड, चालण्याचा वेग, घटलेलं वजन. यात पन्नाशीचे मधुमेहीही नापास होतात. आणि म्हाताऱ्यांत रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारणं, उलट कमी, प्रतिकारशक्ती मंदावलेली असते म्हणून.

खानापूरकर : मंदावलेली म्हणूनच संसर्ग आणि कॅन्सर जास्त! त्यात आपल्याकडे टीबी. त्यावरचं रिफाम्पिसिन सुरू केलं की टॅक्रोलिमसची, म्हणजे रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाची, रक्तातली पातळी कोसळते, रिजेक्शनला वाट मोकळी. बुरशीसाठी व्होरिकोनाझोल दिलं तर तीच पातळी चढते आणि किडनी जाते. डोस दोन्ही वेळा रक्त तपासूनच बदलावा लागतो. खेड्यातून हे कोण करणार?

चिकोडीवाला : मग वयस्क दात्याचं हृदय वयस्कालाच द्या. तरुणाचं काही जात नाही.

निपाणीकर : कल्पना जुनी आहे, काही ठिकाणी राबवलीही आहे. पण हृदय बाहेर काढल्यावर बर्फात साधारण ४ तास मिळतात, आणि दाता वयस्क असेल तर उशीर जास्तच बाधतो. शिवाय आधी त्या दात्याची कोरोनरी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, हवी. धारवाडहून बेळगावात आणणं जमेल, रस्ता जेमतेम ८० किमी. बंगळूरहून आणायचं तर विमान, मग बेळगावच्या सांबरा विमानतळाहून अँब्युलन्स. एक जरी टप्पा रखडला तरी हिशोब कोलमडतो.

खानापूरकर : त्यापेक्षा एलव्हॅड, म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याचं काम करणारा, बॅटरीवर चालणारा पंप बसवावा. दात्याची वाट बघायला नको.

निपाणीकर : पैसे आहेत असं धरू. पोटातून बाहेर आलेल्या वायरीचं ड्रेसिंग, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, रक्त गोठण्याचं माप असलेला आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवणं, जोडीने बॅटऱ्या चार्ज करणं, हे जन्मभर. पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी भागात लाईट किती टिकते, तुम्हीच सांगा.

खानापूरकर : इन्व्हर्टर आणि जादा बॅटऱ्या ठेवायच्या. दात्यापेक्षा लवकर मिळतात.