मदत हवी आहे: हॅवलॉक आणि नील बेटांवरचा मुक्काम तिथी पाहून कसा आखावा?

नमस्कार.

येत्या फाल्गुनात मी आणि माझे यजमान आठवडाभर अंदमानला जाणार आहोत. मुलांच्या परीक्षा आणि वडीलधाऱ्यांची आजारपणे यांतून आजवर फक्त दोघांनी कुठे जाणे जमलेच नव्हते, त्यामुळे हा प्रवास घाईत उरकायचा नाही एवढे आम्ही पक्के केले आहे. सहल कंपन्यांकडून आलेल्या आराखड्यांत रोज नवे ठिकाण आणि रोज नवी बोट दिसते. आम्हाला मात्र निवांत समुद्रकिनारा, स्नॉर्केलिंग करून प्रवाळ आणि मासे पाहणे आणि संध्याकाळचे चांगले जेवण, एवढेच हवे आहे. पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेलसाठी एक दुपार राखून ठेवली आहे, कारण सावरकरांची कोठडी पाहिल्यावाचून तिथून परतणे आम्हा दोघांनाही पटणार नाही.

हॅवलॉकचे नाव २०१८ च्या डिसेंबरात स्वराज द्वीप झाले, नीलचे शहीद द्वीप झाले आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजय पुरम झाले, हे मला ठाऊक आहे. तरीही शोधणाऱ्यांना सोयीचे जावे म्हणून खाली जुनीच नावे लिहीत आहे.

माझी खरी अडचण तारखांची आहे. विमानाची तिकिटे दोन आठवड्यांत परवडण्याजोगी मिळत आहेत. एक आठवडा फाल्गुन शुद्ध अष्टमीला सुरू होऊन होळी पौर्णिमेपर्यंत जातो आणि दुसरा पौर्णिमेला सुरू होऊन वद्य अष्टमीकडे सरकतो. टिपूर चांदण्यात किनाऱ्यावर बसून जेवण्याची माझी फार दिवसांची इच्छा आहे, म्हणून पौर्णिमा हाताशी असावी असे वाटते. पण माझे माहेर देवगडचे असल्यामुळे अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते आणि ओहोटीलाही पाणी तितकेच मागे जाते, हे लहानपणापासून पाहिले आहे. स्नॉर्केलिंगच्या दिवशी नेमके पाणी ओसरलेले असेल, तर एवढ्या लांब जाऊन खडक तेवढे पाहून यावे लागेल अशी काळजी वाटते. माहेरी तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती. हाच हिशेब अंदमानला लागू पडतो का?

आणखी काही गोष्टी विचारायच्या आहेत. मला पोहता येत नाही आणि माझ्या चष्म्याचा नंबर उणे पाच आहे. चष्म्याशिवाय मला पाण्याखालचे काहीच दिसणार नाही, मग स्नॉर्केलिंगचा उपयोग काय, असा प्रश्न पडतो. यजमान विहिरीत पोहायला शिकलेले असल्याने त्यांना पाण्याची भीती नाही. मात्र ते शुद्ध शाकाहारी आहेत आणि मला ताजे मासे मनापासून आवडतात, तेव्हा दोघांनाही समाधानाने जेवता येईल असे तिथे काय मिळते, हेही जाणून घ्यायचे आहे. ज्यांनी ही बेटे सावकाश पाहिली आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

ताई, नमस्कार. नोकरीनिमित्त काही वर्षे पोर्ट ब्लेअरला राहिल्यामुळे ही दोन्ही बेटे माझ्या चांगल्या परिचयाची आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही पहिला, म्हणजे अष्टमीपासून पौर्णिमेकडे जाणारा आठवडा घ्यावा. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत भांग असते, भरती आणि ओहोटी यांतला फरक सर्वांत कमी असतो, आणि नेमके तेच दिवस हॅवलॉकला स्नॉर्केलिंगसाठी वापरता येतील. त्यानंतर नीलला गेलात, की तिथे पौर्णिमेच्या जवळची मोठी ओहोटी तुमच्या उपयोगाची ठरेल आणि चंद्रही जवळजवळ पूर्ण झालेला असेल. दुसऱ्या आठवड्यात हा क्रम उलटा होतो आणि चंद्र रोज उशिरा उगवत जातो.

पाऊणपटीचा हिशेब मात्र इथेच ठेवून जावा. तो कोकण किनाऱ्याच्या अनुभवावर बसवलेला आहे. बंगालच्या उपसागराच्या पलीकडे, अंदमान समुद्राच्या काठावर भरतीची लाट वेगळ्या वेळी पोहोचते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, एवढे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे. निघण्यापूर्वी पोर्ट ब्लेअरचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून तुमच्या तारखांच्या वेळा कागदावर उतरवून घ्या आणि हॉटेलवाल्यांना दाखवून पडताळून पाहा. पाणी भरत असताना किंवा पूर्ण भरतीच्या आसपास स्नॉर्केलिंग करणे नवख्या माणसाला सर्वांत सोपे जाते, कारण प्रवाळ आणि पोट यांच्यामध्ये पुरेसे पाणी राहते आणि खरचटण्याचा धोका कमी होतो.

हॅवलॉकच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर, म्हणजे गोविंदनगर आणि विजयनगरला, ओहोटी काय असते ते पाहण्यासारखे आहे. सकाळी ज्या पाण्यावर होड्या डुलत होत्या, तिथे दुपारी त्या वाळूवर कलंडलेल्या दिसतात आणि घोट्याएवढ्या पाण्यातून कितीही चालत गेले तरी पोहण्याजोगी खोली लागत नाही. अशा वेळी विजयनगरला पाण्यावर झुकलेल्या समुद्री महुआच्या झाडांखाली सावलीत बसावे आणि उघड्या पडलेल्या खडकांतले खेकडे पाहावेत; पोहण्याचा हट्ट धरू नये. या किनाऱ्यावरचे हॉटेल घेतलेत, तर दारातच पोहता येईल ही अपेक्षा ठेवू नका, पण सूर्योदय मात्र खोलीच्या दारातून दिसेल.

स्नॉर्केलिंगसाठी तुम्ही दोघांनी एलिफंट बीचला जावे. हॅवलॉकच्या धक्क्यावरून बोटीने सुमारे वीस मिनिटांत पोहोचता येते; जंगलातून पायवाटही आहे, पण ओले कपडे घेऊन परतताना ती कंटाळवाणी होते. सकाळच्या पहिल्या बोटीने जा, कारण नंतर गर्दी फार होते आणि शेकडो पायांनी ढवळलेल्या वाळूमुळे पाणी गढूळ होते. बोटीच्या तिकिटात बहुधा किनाऱ्यालगतची छोटी फेरी धरलेली असते. थोडे जास्त पैसे देऊन लांबची फेरी घ्यावी, असा माझा आग्रह आहे, कारण खरी पाहण्यासारखी प्रवाळे तिकडेच आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: २०१० मध्ये समुद्राचे तापमान वाढल्यामुळे अंदमानातली बरीच प्रवाळे पांढरी पडली, त्यामुळे जाहिरातीतल्या चित्रासारखा रंगीबेरंगी बगीचा सर्वत्र दिसत नाही. मासे मात्र भरपूर दिसतात, आणि पोपटमासा प्रवाळाला चोच मारतो तेव्हा होणारा कुरकुर आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो.

पोहता येत नाही, याची चिंता करू नका. लाइफ जॅकेट घातलेले असते आणि वाटाड्या तरंगत्या रिंगला धरून तुम्हाला ओढत नेतो. तुमचे काम एवढेच, की तोंड पाण्यात ठेवून नळीतून शांतपणे श्वास घ्यायचा. नाकाने श्वास घेण्याची सवय सुटायला वेळ लागतो, म्हणून मास्क लावून कंबरभर पाण्यात उभे राहून आधी सराव करा आणि सराव झाल्याशिवाय वाटाड्याला पुढे नेऊ देऊ नका. चष्म्याच्या नंबरची काच बसवलेले तयार मास्क मिळतात. ते किनाऱ्यावर आयत्या वेळी मिळतीलच असे धरून न चालता पुण्या-मुंबईहून विकत घेऊनच जा. मास्कमधून पाण्याखालच्या वस्तू मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळे नंबर तंतोतंत जुळला नाही तरी काम भागते. यजमानांना मिशी असेल, तर मास्कच्या कडेतून पाणी झिरपते. मिशीवर थोडे व्हॅसलीन लावले की ते बरेच थांबते. अंगात पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला, म्हणजे पाठ भाजणार नाही आणि सनस्क्रीनही कमी लागेल, जे प्रवाळांच्याही हिताचे आहे. पाय टेकवायची वेळ आली तर वाळूवरच टेकवा. मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा घरी आणू नका, कारण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते.

संध्याकाळ राधानगर किनाऱ्यावर घालवावी. हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, वाळू पांढरी आणि पिठासारखी बारीक आहे, आणि मागे उंच झाडांचे दाट जंगल आहे. वेळेच्या बाबतीत मात्र सावध राहा. घड्याळ भारताचेच असले, तरी ही बेटे मुंबईच्या बरीच पूर्वेला असल्याने फेब्रुवारीअखेर सूर्य साडेपाचच्या सुमारासच बुडतो. दुपारी जेवून वामकुक्षी घेऊन निघू म्हणाल, तर अंधारात पोहोचाल. राधानगरच्या टोकाला असलेल्या नील्स कोव्ह या शांत खाडीसारख्या भागात २०१० मध्ये स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही, परंतु खाऱ्या पाण्यातल्या मगरी या बेटांवर आहेत. म्हणून सूचनाफलक असेल तिथे, ओढ्याच्या मुखाशी आणि अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नये.

नीलला तुम्हाला अधिक आवडेल असे मला वाटते, कारण बेट लहान आहे, वाहने कमी आहेत आणि सायकलवर सगळे फिरता येते. भरतपूर किनारा धक्क्याला लागूनच आहे. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावरचा नैसर्गिक दगडी पूल, ज्याला तिथले बंगाली लोक हावडा ब्रिज म्हणतात, ओहोटीतच गाठता येतो. तुमच्या मोठ्या ओहोटीचा उपयोग इथेच आहे. खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकडी, साळिंदरासारखे काटे असलेले अर्चिन आणि छोटे रंगीत मासे अडकलेले दिसतात. जाड तळाचे बूट घाला आणि स्थानिक वाटाड्या घ्या. चांदण्यातल्या जेवणासाठी सीतापूरच्या बाजूचे, पूर्वेकडे तोंड असलेले हॉटेल पाहा. त्रयोदशी-चतुर्दशीला सूर्य मावळण्याआधीच चंद्र वर आलेला असतो, त्यामुळे लवकर जेवायला बसलात तरी चांदणे तुम्हाला मिळेल.

जेवणाचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. या बेटांवर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांची वस्ती झाली, त्यामुळे बाजारातल्या साध्या खाणावळींत भात, डाळ, भाजी आणि माशाचा झोल असे ताट मिळते. यजमानांसाठी नील हे उत्तम ठिकाण आहे, कारण अंदमानात भाजीपाला पिकवणारे बेट म्हणूनच ते ओळखले जाते. भाजी माशाच्या कढईत होऊ नये, हे मात्र सकाळीच सांगून ठेवावे. तुम्हाला सुरमई, कुपा, तांबोशी, खेकडे आणि नशीब असेल तर शेवंड मिळेल. मासा आधी पाहून, वजन आणि दर विचारून मगच शिजवायला सांगा आणि शेवंड हवी असेल तर आदल्या दिवशीच सांगा. रात्री स्वयंपाकघरे लवकर बंद होतात, हेही लक्षात ठेवा.

बोटींबद्दल थोडक्यात सांगतो. खासगी बोटी जलद आणि वातानुकूलित असतात, सरकारी बोट सावकाश जाते पण डेकवर उभे राहून समुद्र पाहता येतो. तिकिटे आधी काढा आणि दोघांची ओळखपत्रे जवळ ठेवा. हवामान बिघडले की फेऱ्या रद्द होतात, म्हणून नीलहून थेट विमान पकडण्याचा बेत कधीही करू नये. सेल्युलर जेलची दुपार शेवटच्या दिवशी ठेवलीत, तर आपोआपच आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला परत याल.

धागाकर्तीचा प्रश्न

मनापासून आभार. पहिलाच आठवडा नक्की करते आणि मास्कची आजच चौकशी करते. तुमचे उत्तर वाचून दाखवल्यावर यजमानांनी हॅवलॉकला स्कूबाची एक बुडी घेण्याची इच्छा बोलून दाखवली. ते रक्तदाबाची गोळी घेतात. त्यांनी बुडी घ्यावी का, आणि घेतल्यास कोणत्या दिवशी?

प्रतिसाद

ताई, स्कूबा शिकवण्याचे काम करत असल्याने या प्रश्नापुरते मी लिहिते. बुडीच्या आधी प्रकृतीची प्रश्नावली भरून घेतात आणि तीत रक्तदाबाचा प्रश्न असतो. तिथे "नाही" लिहून वेळ मारून नेण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाबरोबर पाण्यात उतरू नका. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना गोळीचे नाव दाखवून, बुडीस हरकत नाही असे प्रमाणपत्र इथूनच घेऊन जा. ते नसेल तर चांगले केंद्र बुडी नाकारेल आणि ते योग्यच आहे. सर्दी झालेली असेल, तर बुडी रद्द करावी, कारण कानातला दाब समतोल करता येत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते.

दिवस हॅवलॉकच्या मुक्कामातला पहिला किंवा दुसरा धरा. बुडीनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान अठरा तास, शक्यतो पूर्ण दिवस जाऊ द्यावा लागतो. तुमच्या आखणीत मधे नीलचा मुक्काम येत असल्याने तो प्रश्न सुटतो. एका प्रशिक्षकाकडे एकच नवखा माणूस असेल, असे केंद्राकडून आधी ठरवून घ्या. यजमान पाण्यात असतील त्या वेळी तुम्हाला बोटीवर किंवा किनाऱ्यावर थांबता येईल का, हेही त्याच फोनवर विचारा.