चुलीवर कार्निटास: डुकराचं मटण कोरडं का पडतं?

उमरेडकडची
घरी आठ जण जेवायला, त्यात चार लेकरं. दोन किलो डुकराच्या मटणाचे मेक्सिकन पद्धतीचे कार्निटास, म्हणजे चरबीत मंद आचेवर शिजवलेले तुकडे, करायचे आहेत. ओव्हन नाही. चूल, गॅस आणि पाच लिटरचा कुकर आहे. मागच्या मांडीचं बिनचरबीचं मटण तीन तास शिजवलं तर तंतू सुटले, पण खाताना भुशासारखे लागले. संत्र्याची साल टाकली होती, त्यानं कडूपणाही आला. कोणता भाग घ्यायचा, चरबी किती, आणि आच कशी राखायची? शेंद्रीच्या बिया घालून केळीच्या पानात करतात तो प्रकार चुलीवर जमेल का?

सुरी_धार
ताई, दोष आचेपेक्षा मटणाच्या भागात आहे. मागच्या मांडीत चरबीही कमी आणि चिवट पडदेही कमी. तिच्यातलं पाणी निघून गेलं की मागे नुसते दोरे उरतात. पुढचा फरा, म्हणजे पुढच्या पायाचा खांद्याकडचा भाग घ्या, हाडासकट. फऱ्यात मांसाच्या मधून पांढरे पडदे गेलेले असतात. ७०-८० अंशांच्या वर ते सावकाश विरघळतात आणि त्यांचा चिकट रस होतो. तंतूंना ओलावा देतो तो हाच रस. ९० ते ९५ अंशांवर हाड हातानं ओढलं तरी सुटून येतं. घाई केली तर पडदे तसेच राहतात आणि मटण चिवट लागतं.

घेताना दोन गोष्टी पाहा. नर खच्ची केलेला होता का, ते विचारा. सांगता येत नसेल तर चरबीचा बोटभर तुकडा तापल्या तव्यावर टाका. मुतासारखा उग्र वास आला तर ते मटण घेऊच नका, कोणत्याच मसाल्यानं तो वास झाकला जात नाही. दुसरं, कापलेल्या मांसात ज्वारीच्या किंवा तुरीच्या दाण्याएवढे पांढरट फोड दिसले तर त्या फीतकृमीच्या अळ्या असतात. असं मटण घरात आणायचं नाही.

निखारा
प्रमाण लिहून घ्या. फरा २ किलो, मुठीएवढे तुकडे. लहान केले तर आतून शिजायच्या आधी बाहेरून वाळतात. मीठ ३० ग्रॅम, आदल्या रात्री चोळून ठेवा. डुकराची चरबी अर्धा किलो, संत्र्याचा रस एक कप, पाणी दोन कप, लसणाचा एक गड्डा, एक कांदा, दोन तेजपान, अर्धा चमचा जिरं. एवढंच. सावजीच्या सवयीनं हात मसाल्याच्या डब्याकडे जातो, तो आवरा. मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्याकडच्या या पदार्थात मटणाची आणि चरबीची चव पुढे असते, तिखट वरून घ्यायच्या चटणीत असतं. त्यामुळे लेकरांचा प्रश्नही आपोआप सुटतो.

संत्र्याची वरची केशरी साल बोटभरच टाका. आतला पांढरा भाग कडू असतो, तुमचं तिथंच बिघडलं.

जाड बुडाचा गंज (पातेलं) घ्या. सगळं एकत्र टाकून उकळी आली की लाकडं ओढून घ्या आणि बाभळीच्या निखाऱ्यांवर ठेवा. झाकण थोडं उघडं. वर एखाद-दुसरा बुडबुडा फुटला पाहिजे, खळखळ नको. अडीच ते तीन तास लागतात. या वेळात आवाज ऐकत राहा. पाणी आहे तोवर गुडगुड असते. ते आटलं की बुडबुडे बारीक होतात आणि चरचर सुरू होते, कारण चरबी आता शंभर अंशांच्या वर चढते. तोवर मटण मऊ झालं नसेल तर लगेच अर्धा कप गरम पाणी घाला. मऊ झालं असेल तर दहा-पंधरा मिनिटं हलक्या हातानं उलटत कडा तांबूस करा. इथून हलू नका, संत्र्याच्या रसातली साखर बुडाला पटकन करपते.

उमरेडकडची
कुकरमध्ये केलं तर?

शेंद्रीची_बी
चालेल ताई, पण कुकरात चरबी भरून दाब देऊ नका, ते धोक्याचं आहे. फक्त मटण, मीठ, रस आणि एक कप पाणी. शिट्टी आली की मंद आचेवर ४० मिनिटं, वाफ आपोआप जिरू द्या. मग कढईत चरबी तापवून तुकडे परता. चव थोडी उकडल्यासारखी लागते, म्हणून शेवटचं परतणं टाळू नका.

केळीच्या पानाचा तो मेक्सिकोतल्या युकातानचा कोचिनिता पिबिल. माया भाषेत 'पीब' म्हणजे जमिनीतली भट्टी. तिथं आंबट संत्रं वापरतात. आपलं नागपुरी गोड, म्हणून दोन वाट्या संत्र्याच्या रसाला एक वाटी लिंबाचा रस. शेंद्रीच्या बिया दगडासारख्या टणक असतात. दोन चमचे बिया चार चमचे चरबीत मंद आचेवर तीन-चार मिनिटं ठेवा, केशरी रंग उतरला की गाळून घ्या. बिया काळ्या पडल्या तर कडू लागतात. बिया झाडाच्याच घ्या. देवाला लावायचा शेंदूर म्हणजे शिशाचं विष, तो अन्नात कधीही घालू नका. पानं आचेवर फिरवून मऊ करा, नाहीतर घडी घालताना फाटतात आणि सगळा रस गळतो. हा रस, मीठ आणि रंग उतरलेली चरबी मटणाला चोळून ते पानांत बांधा. गंजात तळाला पानांचे देठ पसरा, दोन कप पाणी ओता, पुडकं देठांवर ठेवा, झाकणावर निखारे. साडेतीन तास लागतात, मधून पाणी पाहत राहा.

चटणीला भिवापुरी मिरची, भाजलेले टमाटर, मीठ. वर उभा चिरलेला कांदा लिंबात मुरवून, आणि सांबार (कोथिंबीर). मक्याच्या टॉर्टियाऐवजी (मेक्सिकन पोळीऐवजी) ज्वारीची पातळ भाकर छान जमते.

उरलेलं मटण पातेल्यात रात्रभर ठेवू नका. पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, तीन दिवसांत संपवा. गाळलेली चरबी तेवढी वेगळ्या बरणीत भरा, खालचा रस तिच्यात जाऊ देऊ नका. आधी खराब होतो तो रसच.