कमल बसदी नुसत्या डोळ्यांनी बघायची का?

किल्लेकर:
रविवारी पाहुण्यांना घेऊन बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बसदीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात, गेलो होतो. सगळ्यांनी माना वर करून छतातल्या दगडी कमळाचे फोटो काढले आणि पाच मिनिटांत बाहेर पडले. मला ते फार लागलं. उन्हातून येऊन चपला काढल्या की तळपायाला जो गारवा लागतो, बसदी तिथून सुरू होते. कातीव खांबावर बोट फिरवा, वळ्यांची कड अजून हाताला लागते. शहराचंही तसंच. आटत्या दुधाचा वास आला की डोळे मिटूनही सांगेन, कुंद्याच्या मिठाईचं दुकान आलं. जुनी वास्तू असो की गाव, सगळ्या अंगाने बघावं.

शहापूरकर:
दादा, खांबाला हात लावायला सांगू नका. हाताचा घाम आणि तेल दगडात मुरतं, वर्षानुवर्षं हात फिरले की नक्षी झिजते. आणि गारवा हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरातही लागतो की. मग बसदीचं वेगळेपण काय? कमळाच्या ७२ पाकळ्या. भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर. रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचिराज याने ती बांधली, साल १२०४. हे तळपायाला कसं कळणार?

निपाणीकर:
वासाचं कौतुक पाहुण्याला असतं. आमच्याकडे येणारे म्हणतात, निपाणीत शिरताच तंबाखूचा वास येतो, काय छान! आईने वखारीत तंबाखू निवडण्यात उमर घालवली. तो वास तिच्या लुगड्यातून धुऊनही जायचा नाही आणि रात्री खोकल्याने ती उठून बसायची. वास खरा, पण तो कुणाच्या नाकाने घेतलाय ते आधी सांगा.

खानापूरची:
माझ्या आत्याची दृष्टी गेली आहे. माहेर कुंभाराचं, लहानपणापासून मातीत हात. तिला बसदीत नेलं तेव्हा मी पाकळ्यांचं सगळं वाचून दाखवलं, ती नुसती हं हं करत होती. मग हात खांबाला लागला. खालून वर दोनदा फिरवला, थांबली आणि म्हणाली, "अगं, हा फिरवून केलाय. आमच्या चाकासारखा." दगड फिरवून खांब कातायचे, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. घरी येऊन शोधलं तेव्हा पटलं. शहापूरकर, तुमची पाकळ्यांची नि सालांची माहिती तिला हे सांगू शकली नसती.

शहापूरकर:
ताई, हे वाचून गप्पच बसलो थोडा वेळ. आत्यांनी जे ओळखलं ते मी इतक्या फेऱ्यांत ओळखलं नाही, कबूल. तरी मूळ खांबाला हात नको. तशाच दगडाचा एक खांब कातून दाराशी ठेवावा, ज्याला हवं त्याने चाचपावा. ही मागणी करायला मी तुमच्यासोबत येईन.

किल्लेकर:
खांब ठेवा, जरूर. पण आठशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाच्या हाताला आत्यांचा हात लागला, तो नव्या खांबाला कसा लागेल?

शहापूरकर:
नाही लागणार. पण सगळ्यांनी हात लावला, तर आणखी दोनशे वर्षांनी येणाऱ्या एखाद्या आत्याला ती कडच सापडायची नाही.