फिल्मवर फोटो परवडतील का? हिशेबात मदत हवी आहे (मु. सातारा)

मंडळी, हिशेबात अडकलोय. जाणकारांनी सोडवा.

वडिलांचा पेंटॅक्स के१००० कॅमेरा माळ्यावर सापडला. सगळा यांत्रिक, सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. तो एलआर४४ घड्याळवाल्याकडे मिळाला. (मीटरला बंद करायचं बटणच नाही, लेन्सवर झाकण घातलं तरच सेल वाचतो. हे दुसरा सेल उतरल्यावर कळलं!) मागचं दार उघडलं तर कडेच्या फोमचं डांबर झालेलं, बोटं दोन दिवस काळी. खरवडून नवी पट्टी लावली.

पहिला रोल मेणवलीच्या घाटावर. आकडा ३६ झाला, ३७, ३८... रोल काही संपेना. बघतो तर फिल्मचं टोक चक्रीत अडकलंच नव्हतं, अख्खा रोल डबीत कोरा. रोल पुढे ओढताना रिवाइंडची (फिल्म परत गुंडाळायची) चावी फिरतेय का, तेवढं बघायचं असतं म्हणे. दिवस गेला, रोल वाचला.

आता पैशाचं. मला पडलेला भाव: ३६चा रंगीत रोल ९५०, धुऊन स्कॅन करायचे ५००, पुण्याला कुरियर ११०. एकूण १५६०, म्हणजे फोटोमागे ४३ रुपये, प्रिंट वेगळी. लेन्ससकट वापरलेला डीएसएलआर (डिजिटल कॅमेरा) मला २६,००० ला सांगितलाय. महिन्याला एक रोल धरला तर सतरा महिन्यांत तेवढे पैसे फिल्मवरच जातात.

बायको बँकेत आहे, तिनं भागाकारच बदलला. म्हणाली, काढलेल्या फोटोंनी नको, ठेवलेल्या फोटोंनी भाग. दुसऱ्या रोलमधले ७ ठेवले, म्हणजे एक २२३ ला पडला. मित्राचा डिजिटल घेऊन सप्टेंबरात कासला गेलो होतो, तिथे ४१२ काढले आणि ९ ठेवले. त्या हिशेबानं कासच्या तेरा चकरांत डीएसएलआर वसूल. पण ४१२ मधून ९ निवडायला दोन रात्री गेल्या, त्या कुठल्या खात्यात टाकायच्या?

म्हणून विचारतो, कृष्णधवल घरी धुतलं तर खर्च किती उतरेल? रंगीत रसायनाला ३८ अंश नेमके सांभाळावे लागतात, ते माझ्याच्यानं होणार नाही. कृष्णधवलला २० लागतात, पण एप्रिलात आमच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. आणि स्कॅनचं काय करता?

प्रतिसाद (मिरज):
पाणी बर्फ टाकलेल्या टबात निववा. २० च हवं असं काही नाही, २४ पर्यंत चालतं, फक्त डेव्हलपरची (चित्र उमटवणाऱ्या रसायनाची) वेळ कमी करायची. तक्ता असतो, तो बघा. फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) ओतून देऊ नका, पुन्हा पुन्हा वापरता येतो. खरी बचत १०० फुटी फिल्म घेऊन रोल घरी भरण्यात आहे, ३६ चे अठराएक निघतात. पण एवढे वापरणार असाल तरच. रोल भरताना अंधार पक्का हवा, मी एकदा दाराच्या फटीपायी सगळी फिल्म घालवलीय. स्कॅनला निगेटिव्हच्या मागे पांढरा उजेड ठेवून डिजिटल कॅमेऱ्यानं फोटो काढायचा. कासला नेलात तोच मित्राकडून मागून आणा की.

धागाकर्ता:
मागितला असता हो, पण २६,००० ला सांगितलाय तो त्याचाच.